मुळाक्षरं पाठ आहेत, पण शब्दाचं पहिलं अक्षर ओळखता येत नाही

ताई, तुमची साडेचार वर्षांची मुलगी ‘क कमळाचा’पासून सगळं घडाघडा म्हणते, पण भेंडी दाखवून पहिलं अक्षर विचारलं की गप्प बसते, असं तुम्ही लिहिलंय. काळजी नको. तिला चाल पाठ झालीय, आवाज सुटा ऐकायची सवय अजून व्हायचीय. आणि खरं सांगू का, प्रश्नच अवघड होता. भेंडी म्हटलं की कानावर ‘भे’ पडतं, तक्त्यावर मात्र ‘भ’ असतो. आपण मात्रा मनातल्या मनात काढून टाकतो. तिने मात्रा अजून पाहिलेलीच नाही! कित्येक छापील तक्त्यांवरही हाच घोळ असतो, ‘ग गाजराचा’, ‘म माशाचा’.

म्हणून आधी पहिलं अक्षर बिनकाना-मात्रेचं असलेले शब्द घ्या. त्यातही म, स, ल, र, न पहिले, कारण हे आवाज लांबवता येतात. ‘म्‌म्‌मका’ म्हणता येतं, ‘क्‌क्‌कप’ म्हणताना अडखळायला होतं. ओट्यावर मका, लसूण आणि रव्याचा डबा ठेवा आणि ‘म्‌म्‌म... कोण?’ असं विचारा. अक्षर दाखवायची घाई नको. कान तयार झाला, की ताटात रवा पसरून बोटाने ‘म’ काढा आणि मका, मटकी, मध त्याच्याभोवती मांडायला सांगा. चुकीची वस्तू ठेवली तर ‘नाही’ म्हणू नका, दोन्ही नावं सावकाश म्हणून दाखवा. बहुतेक वेळा ती स्वतःच उचलते.

म आणि भ, घ आणि ध एका आठवड्यात आणू नका, दिसायला सारखे. ट-ठ, द-ध कानाला सारखे, तेही लांब लांब ठेवा.

महागडी फ्लॅशकार्डं राहू द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला आसपासच्या वस्तूंमधूनच बालशिक्षण उभं केलं. घरात जे म्हणता तेच चालवा. कोथिंबिरीच्या जुडीला ती आपल्या विदर्भातल्यासारखं सांबार म्हणाली तर म्हणू द्या, पुढे ‘सां’ शिकवताना कामाला येईल. आपलं संत्रंही अनुस्वारामुळे जरा थांबेल, नागपुरात राहून हे बोलायला जिवावर येतं!

बाहेर पडलात की पाट्या दाखवा. महाल, सदर, बर्डी, धरमपेठ, गणेशपेठ, सगळी नावं बिनकान्याच्या अक्षराने सुरू होतात. सिग्नलला गाडी थांबली की ‘म कुठे दिसतो?’ एवढंच विचारा.

ण आणि ळ सध्या सोडून द्या. त्यांनी सुरू होणारे शब्द आपल्याकडे नाहीत, ते शब्दाच्या शेवटी ऐकवायचे: बाण, नळ. ‘च’ही मागे ठेवा, कारण चटणीतला च वेगळा, चंद्रातला वेगळा, आणि अक्षर एकच. मुलं यावर बरोबर बोट ठेवतात. तिने विचारलंच तर ‘हो, याचे दोन आवाज आहेत’ म्हणून सांगून टाका.