बी.एस्सी. नर्सिंगला नेतृत्व शिकवायला बोर्ड गेम चालतो का, आणि कोणता घ्यावा?

चालतो. मी ‘पँडेमिक’ वापरते; जगाच्या नकाशावर पसरणारे रोग मिळून रोखायचा हा खेळ. खेळणाऱ्या चौघी, पाळीला चार कृती, सगळ्या मिळून जिंकतात नाहीतर हरतात.

तो फसतो कुठे, तर एक चुणचुणीत, खड्या आवाजाची मुलगी चौघींचा खेळ एकटीच खेळायला लागते. ‘तू दिल्लीला जा, तू पत्ता टाक.’ बाकीच्या नुसत्या सोंगट्या सरकवतात आणि नेतृत्वाचे गुण मात्र हिलाच मिळतात. हे साफ चूक आहे. खेळात प्रत्येकीला एक भूमिका असते; त्यातल्या ‘डिस्पॅचर’चा नियम बघा: तिला दुसरीची सोंगटी हलवता येते, पण जिची सोंगटी तिनं हो म्हटलं तरच. डेलिगेशन, म्हणजे दुसरीवर काम सोपवणं, हेच. तो ‘हो’ तोंडानं म्हणायला लावा. आणि हातातले पत्ते झाकून ठेवायला सांगा, म्हणजे विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

एका पटाला आठ जणी बसवा. चौघी खेळतील, चौघी मागे बसून एकेकीची नोंद ठेवतील. कागदावर दोनच रकाने: ‘सांगितलं’ आणि ‘विचारलं’. वीस मिनिटांनी खेळ थांबवून ड्युटी बदला. एसबार (SBAR: सध्याची स्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, शिफारस) पद्धतीनं दोन मिनिटांत हँडओव्हर, मग मागच्या चौघी पुढे.

इथेच खरी गंमत कळते. समजा मुंबईवर रोगाचे तीन काळे ठोकळे साठलेत. मुंबईचा पत्ता पुन्हा निघाला की चौथा बसत नाही, उद्रेक होतो आणि कराची, दिल्ली, चेन्नईत एकेक ठोकळा पडतो. आठवा उद्रेक झाला की खेळ संपला. हँडओव्हरमध्ये हातातले पत्ते सांगितले जातात, कोण कुठे उभी आहे तेही, आणि राहते ती मुंबई. वॉर्डात अशीच सतरा नंबरच्या बेडची घसरत चाललेली लघवी सांगायची राहते.

‘खेळात तास वाया जातो’ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे: तास वाया जातो तो डीब्रीफिंग, म्हणजे खेळानंतरची चर्चा, गाळल्यामुळे. त्याला अर्धा तास ठेवाच. कोणतं शहर आधी घ्यायला हवं होतं यावर चर्चा घसरू देऊ नका. ‘पटत नव्हतं तेव्हा तू गप्प का बसलीस?’ हे विचारा. गप्प बसणारीला आपण बुजरी म्हणून सोडून देतो, आणि नाइट ड्युटीला डॉक्टरांना फोन करायची वेळ तिच्यावरच येते.

पहिल्या वर्षाला हे नको, वॉर्ड पाहिलेला असावा. सहाव्या सेमिस्टरला ‘नर्सिंग मॅनेजमेंट अँड लीडरशिप’सोबत चांगलं बसतं. संसर्ग एकदम वाढवणारे ‘महामारी’चे पत्ते चारच घाला. एका डावावर कुणाला गुण देऊ नका.