वानर केळी खातं, पण त्याला ती पचतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की पानं खाऊन जगणारी माकडं खरंच असतात का, त्यांचे प्रकार किती, आणि असतील तर मग आपल्याकडची वानरं केळी-बिस्किटं कशी खातात.

असतात ना. तुमच्या पत्र्यावर धाडधाड उड्या मारतं ते काळ्या तोंडाचं वानर त्यातलंच. लाल तोंडाचं माकड वेगळं, ते गालात कोंबून पळतं, वानराच्या गालात तशी पिशवीच नसते. एवढं आमच्या यावल तालुक्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. तुम्ही केळीचं नाव काढलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर सोडून दिलं असतं.

आमची केळीची बाग. त्यामुळे सगळ्यांना वाटतं याचा वानरांवर राग असणार. आहेच, पोंगा म्हणजे केळीचं नवं गुंडाळलेलं पान ओरबाडतात, कमळ म्हणजे केळफूल तोडून टाकतात, खातात थोडं आणि नासतात जास्त. पण माझा खरा राग मामांवर आहे. मामा दर हनुमान जयंतीला पिकलेल्या केळांच्या दोन-चार फण्या आणि प्रसादाची उरलेली बुंदी परातीत घेऊन पाराजवळ ठेवायचे. "मारुतीरायाची फौज आहे भो, जेवू दे पोटभर."

एका वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर एक मादी चिंचेखाली बसलेली, पोटाला पिल्लू. माणसं जवळ गेली तरी झाडावर चढेना. पोट असं ताणलेलं की डाव्या बाजूचे केस उभे राहिले होते, आणि ती तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, गाईनं ज्वारीच्या पोत्यात तोंड घातल्यावर जे होतं ना, तेच दिसतंय.

मला तेव्हा हसूच आलं, वानराचं आणि गाईचं काय. नंतर वाचलं तर खरंच तसं आहे. वानराचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं, त्यात जिवाणू पानं आंबवतात आणि मग वानर ते जिवाणूच पचवतं, आणि त्यासाठी जे पाचक द्रव्य लागतं ते गाईत आणि वानरात वेगवेगळ्या वाटेनं येऊन जवळपास सारखं झालंय, हे 1987 मध्येच छापून आलंय. फक्त वानर रवंथ करत नाही. अशा पोटात एकदम गोड पडलं की आंबणं हाताबाहेर जातं, आम्ल होतं, पोट फुगतं. म्हणून जंगलात ते पिकलेल्या गोड फळांपेक्षा कोवळी पानं, कच्ची फळं, बिया, पळसाची फुलं जास्त धरतं.

मादी तिसऱ्या दिवशी गेली. पिल्लू कळपातल्या दुसऱ्या मादीनं उचललं, त्यांच्यात तसं चालतं. मग गावानं गुलाल उधळत, टाळ वाजवत ट्रॅक्टरवरून तिची मिरवणूक काढली, आणि सगळ्यात जास्त वर्गणी कोणाची? मामांची. तेराव्याला गावपंगत, वरण-बट्टी, घोटलेली वांगी आणि बुंदी. उरलेली बुंदी कुठं गेली ते सांगायला नको. त्या दिवसापासून माझं आणि मामांचं या विषयावर सरळ बोलणं नाही.

प्रकार म्हणाल तर जगात 70-80 च्या घरात. आपल्याकडं निलगिरीचं काळं वानर, आसामातलं सोनेरी, त्रिपुरातलं चष्मा घातल्यासारखं दिसणारं. आफ्रिकेतल्यांना अंगठा जवळपास नसतोच. चीनमध्ये युन्नानच्या डोंगरात 3000 मीटरच्या वर एक बसक्या नाकाचं राहतं, ते झाडावरच्या दगडफुलासारख्या वाढीवर दिवस काढतं. बोर्निओतलं लांब नाकवालं कधीकधी खाल्लेलं वर आणून पुन्हा चावतं, म्हणजे गाईच्या आणखी जवळ. म्यानमारमधल्या एका जातीला तर 2020 मध्ये नाव मिळालं. आणि गंमत म्हणजे आपल्या वानराची शेपटीसुद्धा सगळीकडे सारखी नाही, उत्तरेकडचं ती पाठीवरून डोक्याकडे वळवतं, दक्षिणेकडचं मागच्या बाजूला, आणि बदल होतो साधारण तापी-गोदावरीच्या पट्ट्यात. म्हणजे आपल्याच अंगणात. मामा आयुष्यभर त्यांना जेवू घालतात, शेपटी कुठं वळते ते एकदा विचारा त्यांना.

आता एक कबूल करतो, त्या मादीचं पोस्टमॉर्टेम झालं नाही. ती बुंदीनंच गेली असं मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि एखाद-दुसरं केळं खाऊन वानर लगेच मरत नाही, आमच्या बागेतली तर ठणठणीत आहेत. पण परात भरून ठेवणं वेगळं. शिवाय अशी सवय लागली की तीच वानरं नंतर पोरांच्या हातातलं हिसकतात, मग तेच गाव म्हणतं फटाके लावा. द्यायचंच असेल तर पाराजवळ पिंपळ नाहीतर चिंच लावा, पाण्याचं टाकं ठेवा. आमच्याकडच्या सातपुड्यातल्या मनुदेवीच्या देवळाला जाल तेव्हा पिशवी गाडीतच ठेवा.

गेल्या चैत्रात मामांचा निरोप आला, भाच्यामार्फत, कारण आम्ही बोलत नाही ना. विचारलं होतं की बुंदी नको तर फुटाणे चालतील का. नाही मामा. फुटाणे पण नाही.