"आईने भीतीच घेतलीय, तिला जरा समजावा"

साताऱ्यात प्रॅक्टिस करताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मुलगा किंवा सून बोलायला लागली की पुढचं मला पाठ असतं, पायाला काही नाही मॅडम, एक्सरे नॉर्मल, पडेन अशी नुसती मनाची भीती.

अशाच एका काकू (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत). सत्तरी ओलांडलेली, एकेकाळी रोज संध्याकाळी गावाजवळच्या टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून जायच्या आणि आता घरातला जिना उतरायचा तरी सुनेने दंड धरायचा. एकदाही पडल्या नव्हत्या बरं का.

"भीती कधी वाटते?"

"कायमच."

"असं नाही, आठवून सांगा."

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "तोंडाला साबण लावला ना, की तोल जातो. आणि रात्री लाईट गेली की."

इथेच मला धागा सापडला! दोन्ही वेळेला डोळ्यांना काही दिसत नाही. आपल्या स्नायूंमध्ये बारीक सेन्सर असतात, कुठला स्नायू किती ताणलाय हे ते सतत मेंदूला कळवतात, म्हणून तर डोळे मिटूनही आपलं बोट बरोबर नाकावर जातं. वय वाढलं की हे सेन्सर मंदावतात, निरोपही सावकाश पोचतो, आणि हातांपेक्षा पायात, घोट्यात हे जास्त होतं. मग मेंदू ते काम डोळ्यांवर ढकलतो.

"म्हणजे मी डोळ्यांनी चालते?" काकू. आणि लगेच मुलाकडे वळून, "बघ, मी नाटक करत नव्हते." मुलगा खाली बघत बसला. पडण्याच्या भीतीपेक्षा त्यांना हेच जास्त लागलं होतं, घरात कुणी खरं मानत नाही हे.

आधी शुगर आणि बी-१२ तपासून घ्यायला लावलं, कारण या दोन्हींमुळेही पायाची जाणीव कमी होते. रिपोर्ट ठीक आले. पुढे माझी नेहमीची पद्धत, भीती बोलून जात नाही, करून जाते, या मताची मी आहे. घाबरलं की पाय ताठ होतात, चालणं कमी होतं, आणि चालणं कमी झालं की आहे ती जाणीवही बोथट होते.

म्हणून ओट्याशी उभं राहायचं, पाय जवळ, एक बोट ओट्याला नुसतं टेकवायचं, भार अजिबात द्यायचा नाही. एवढ्या स्पर्शानेही मेंदूला शरीर कुठे झुकतंय ते कळतं आणि डुलणं कमी होतं. जमायला लागल्यावर दोन-चार सेकंद डोळे मिटायचे, मागे कुणीतरी उभं हवंच. आणि सुनेला सांगितलं, दंड धरणं बंद. तुम्ही हात पुढे करा, त्यांना त्यावर बोटं टेकवू देत. धरलेलं माणूस आणि स्वतः धरणारं माणूस यांच्या चालण्यात केवढा फरक पडतो ते त्या घराने बघितलं, आणि हा बदल मला सुचला याचं मला अजून बरं वाटतं.

बाकी, जाड मऊ तळाच्या चपला नकोत, त्यात जमीन कळत नाही. रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा लाईट हवा. जिन्यावर गप्पा बंद. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांना दिसलं होतं की चालताना कुणी बोललं की जे म्हातारे थांबतात ते पुढे जास्त पडतात.

काकू अजून चार भिंतीपर्यंत जात नाहीत, चढावर थोडंसं जाऊन परत येतात, सून शेजारी.

आणि हे सगळं हळूहळू वाढलेल्या त्रासाबद्दल हं. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर माझ्याकडे यायचंच नाही, तडक हॉस्पिटल.