चवळीच्या पानाखाली काळं कशामुळे?

प्रश्न: नमस्कार, संगमेश्वरला पावसाळी चवळी केलीय, फुलावर आलीय. खालच्या पानांवर वरून पिवळट डाग आणि पान उलटलं की काजळी फासल्यासारखं काळं. दुकानदार म्हणतो मावा पडलाय, कीटकनाशक मारा. शेजारचे म्हणतात करपा. काय धरायचं?

उत्तर: दादा, कीटकनाशक आधी बाजूला ठेवा. मावा चिकट पाणी सोडतो, ते खालच्या पानांवर गळतं आणि त्यावर काजळी धरते, म्हणून ती बहुतेक पानाच्या वरच्या बाजूला असते, हाताला चिकट लागते, मुंग्याही फिरत असतात आणि ओल्या फडक्याने पुसलं की पान परत हिरवंगार. तुमचं काळं खालून आहे. ते बरोब्बर पिवळ्या डागाच्या पाठीमागेच असेल, पुसूनही डाग जात नसेल, तर बुरशी पानाच्या आतून, पर्णरंध्रांतून (पानावरच्या बारीक छिद्रांतून) बाहेर आलीय. ही लक्षणं स्यूडोसर्कोस्पोरा क्रुएंटा नावाच्या बुरशीची, जुन्या पुस्तकांत हीच सर्कोस्पोरा क्रुएंटा म्हणून सापडेल.

तिची भावकी म्हणजे सर्कोस्पोरा कॅनेसेन्स. तिचे डाग लालसर तपकिरी, दोन्ही बाजूंनी दिसणारे, खाली एवढं दाट काळं नसतं. तांबेऱ्याचं सोपं आहे, बोट फिरवलं की गंजासारखी पूड लागते.

खात्री करायची तर डाग असलेलं पान झाकणाच्या डब्यात ओल्या टिश्यूवर दोन दिवस ठेवा, मग काळ्यावर सेलोटेप दाबून उचला आणि कृषी महाविद्यालयात किंवा केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, फिकट ऑलिव्ह रंगाचे, लांबट, आडवे पडदे असलेले दिसले तर क्रुएंटा, बिनरंगाचे सुईसारखे दिसले तर कॅनेसेन्स. खरं सांगू का, फवारणीपुरतं या दोघींत फारसा फरक पडत नाही, बुरशी की मावा की जिवाणू हे मात्र कळायलाच हवं. जिवाणूचा डाग आधी पाणी भरल्यासारखा दिसतो, कडेला पिवळं वलय. तो तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या थेंबात मायक्रोस्कोपखाली बघितला की कापलेल्या कडेतून दुधट धार सुटताना दिसते, तसं असेल तर नेहमीची बुरशीनाशकं मारून पैसे वाया.

आत्ता खालची डागाळलेली पानं काढून शेताबाहेर न्या, बांधावर टाकू नका. बुरशीनाशक घेताना लेबलवर चवळी आहे का आणि फवारणीनंतर किती दिवस तोडणी थांबवायची ते वाचा, कारण शेंगा तुम्ही बाजारात देणार. या प्लॉटचं बी पुढच्या वर्षाला ठेवू नका.