वाचकांचे प्रश्न : आधी वही, मग पाना

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे. एखादा व्हिडिओ पाहिला की त्यातलं सगळं त्याला खरं वाटतं. घरात कार्ब्युरेटरची जुनी 100 सीसी मोटरसायकल पडून आहे. तिच्या निमित्ताने त्याला नीट विचार करायला शिकवता येईल का?

येईल, पण गाडी मेन स्टँडवरच राहू द्या. गिअरच्या मोटरसायकलचा परवाना 18 पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. सोसायटीच्या आवारात चालवली तर काय बिघडतं, असं तो म्हणेलच. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही त्यालाच शोधून वाचू द्या.

आता बिघाड तुम्ही स्वतःच करून ठेवा. त्याच्या नकळत पेट्रोलचा कॉक बंद करा आणि गाडी मोकळ्या हवेत उभी करा. (प्लगची कॅप काढून ठेवण्याची युक्ती मात्र नको. तशा किका मारल्या की सीडीआय युनिटवर, म्हणजे ठिणगी घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर, ताण येतो.) कॉक बंद असला तरी गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला चालू होईल, कारण फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत, थोडं पेट्रोल असतं. ते संपलं की काही मिनिटांत बंद पडेल. मुलगा लगेच म्हणेल, "गरम झाली की बंद पडते, म्हणजे कॉइल गेली." (कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीची वीज पुरवणारा भाग.) खरी गंमत इथून पुढे आहे, कारण हे लक्षण तीन बिघाडांत सारखंच दिसतं : पेट्रोल खाली येत नाही, टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय, किंवा कॉइल खरोखरच तापून दगा देतेय.

वहीत चार रकाने आखायला सांगा : अंदाज, तो खरा असेल तर काय दिसेल, खोटा असेल तर काय दिसेल, प्रत्यक्षात काय दिसलं. पहिले तीन भरल्याशिवाय पाना हातात द्यायचा नाही. मुलं तिसरा रकाना हटकून रिकामा सोडतात. तिथे अडून बसा.

तपासणी अशी. गाडी बंद पडल्यावर सायलेन्सर आणि इंजिन निवू द्या. फ्लोट चेंबरच्या खालचा ड्रेन स्क्रू बाटलीवर धरून सैल करा. थेंबही आला नाही, तर कॉइलला तूर्त दोष देता येत नाही. पेट्रोल कुठे अडलं ते बघा. मग ड्रेन स्क्रू परत घट्ट करून टाकीचं झाकण उघडा आणि दोन मिनिटं थांबा. छिद्र बुजलं असेल, तर आता चेंबर भरायला लागेल. तरीही कोरडाच राहिला, तर कॉक, नळी आणि जाळी बघा. चेंबर भरलेला असूनही गाडी चालू होत नसेल, तेव्हा स्पार्क तपासायचा : प्लग काढून कॅपमध्ये बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या हेडला टेकवा आणि किक मारा. त्याआधी पेट्रोलची बाटली झाकण लावून लांब ठेवा आणि सांडलेलं पुसून वाळू द्या. प्लग परत बसवताना आधी हातानेच शेवटपर्यंत फिरवा, पाना शेवटी. तिरका शिरला तर अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात, आणि तो खर्च प्लगच्या कितीतरी पट असतो.

एका वेळी एकच बदल करायचा. प्लग बदलला, कार्ब्युरेटर धुतला, झाकणही साफ केलं आणि गाडी चालू झाली, तर कशामुळे झाली हे कोणालाच कळत नाही. गॅरेजमध्ये ते खपून जातं, तुमच्या अंगणात खपवून घेऊ नका.

प्रश्न : मुलगी म्हणते, मैत्रिणीच्या बाबांची गाडी 70 चं अॅव्हरेज देते आणि आमची 55 च. काय सांगावं?

मोजलं कसं, एवढंच विचारायला सांगा. काटा रिझर्व्हला आला की एक लिटर टाकून काढलेलं अॅव्हरेज जवळजवळ निरर्थक असतं, कारण 200 मिलीचा अंदाज चुकला तरी उत्तर वीसेक टक्क्यांनी हलतं. टाकी एका ठरलेल्या खुणेपर्यंत भरा, 200 किलोमीटर चालवा आणि गाडी तशीच मेन स्टँडवर उभी करून त्याच खुणेपर्यंत परत भरा. 3.6 लिटर बसलं, तर अॅव्हरेज साधारण 55.6. इथेही 200 मिलीची चूक धरून पाहा : उत्तर 52.6 ते 58.8 च्या दरम्यान येतं. म्हणजे दोन गाड्यांत दोन-तीनाचा फरक दिसला, तर त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पंधराचा असेल, तर रस्ता, मागे बसणारं माणूस आणि टायरमधली हवा विचारा.

प्रश्न : पहाटे पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं, हे खरं का?

मुलांना गणित करू द्या. पेट्रोल दर अंशाला हजारात सुमारे एक भाग फुगतं. पहाट-दुपारचा फरक 10 अंश धरला, तर 5 लिटरमागे 50 मिली. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान दिवसभरात जेमतेम हलतं, त्यामुळे तेवढेही मिळत नाहीत. त्यासाठी झोपमोड करून मुद्दाम लांबच्या पंपावर गेलात, तर 55 च्या अॅव्हरेजला 50 मिली पावणेतीन किलोमीटरमध्येच संपतात.