कॅसेटच्या जुन्या व्हिडिओ गेमचा दिवा लागतो, पण टीव्हीवर चित्र येत नाही. काय करावे?

पावसाळाभर माळ्यावर राहिलेल्या आपल्या गेमचा लाल दिवा लागतो, पण पडदा नुसता करडा दिसतो, असे आपण लिहिले आहे. ठाण्यात खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत हा त्रास माझ्याही घरी झाला आहे, आणि बहुतेक वेळा दोष मशीनचा नसून कॅसेटच्या मशीनमध्ये बसणाऱ्या कडेवरील धातूच्या पट्ट्यांवर चढलेल्या काळपट थराचा असतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, काडी स्वच्छ निघेपर्यंत पट्ट्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. कृपया फुंकर मारू नका. लहानपणी आपण सारे तेच करत होतो आणि गेम चालतही असे, परंतु तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या उलट गंजतात.

तरीही चित्र न आल्यास मशीन उघडून ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर, म्हणजे विजेचा दाब ५ व्होल्टवर स्थिर ठेवणारा भाग, शोधावा. मल्टिमीटरची (विजेचा दाब मोजणाऱ्या उपकरणाची) काळी तार त्याच्या मधल्या पायाला आणि लाल तार वीज बाहेर देणाऱ्या पायाला लावल्यावर सुमारे ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आत येणारा विजेचा दाब पुरेसा असूनही ५ व्होल्ट मिळत नसतील, तर तो बदलावा. ही वस्तू अगदी स्वस्त आहे.

अडॅप्टर नवा घेणार असाल तर धन-ऋण खूण आधी पाहा, कारण १९८३ च्या मूळ फॅमिकॉमच्या (निन्टेंडोच्या कॅसेटवाल्या गेम मशीनच्या) अडॅप्टरच्या पिनेचा आतला भाग ऋण असतो, आजच्या बहुतेक अडॅप्टरांचा धन.