गोवा सोडू नका, दुपारची वाळू सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टर इंग्लंडचे, केस लाल, खांद्यांवर तपकिरी ठिपके, आणि यंदा नाकपुडीवरचा बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा हळू वाढणारा कॅन्सर, काढला. दर डिसेंबरला तुम्ही पुण्याला माहेरी येता आणि तिथून दहा दिवस दक्षिण गोव्यात जाता. आता ते म्हणतात समुद्रकिनारा कायमचा बंद, तर घरचे म्हणतात एवढ्याशा गाठीचा एवढा बाऊ कशाला.

घरच्यांचं आधी. बेसल सेल शरीरात इतरत्र जवळजवळ कधीच पसरत नाही हे खरं, पण ज्याला एक झाला त्याला पुढच्या काही वर्षांत दुसरा होण्याची शक्यता चांगलीच असते. शिवाय ज्या उन्हाने तो झाला, त्याच उन्हाने मेलानोमा हा त्वचेचा दुसरा कॅन्सरही होतो आणि तो जिवावर बेततो. त्यामुळे बाऊ अजिबात नाही. तरीही माझ्या मते गोवा सोडायची गरज नाही. साडेनऊ ते साडेतीन वाळूवर असणं मात्र सोडायचं, आणि ते पूर्ण सोडायचं. ‘आज थोडा वेळ चालेल’ असं त्यात काही नाही.

सुट्टीतलं ऊन रोजच्या उन्हापेक्षा वाईट का, हे समजून घ्या. शेतात किंवा बांधकामावर वर्षानुवर्षं लागणारं ऊन मुख्यतः स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या त्वचेच्या तिसऱ्या कॅन्सरकडे नेतं. मेलानोमाचा संबंध जास्त आहे तो अधूनमधून लागणाऱ्या कडक उन्हाशी आणि त्वचा भाजण्याशी, म्हणजे नेमका सुट्टीचा प्रकार. बेसल सेलमध्येही या प्रकाराचा मोठा वाटा असतो. डिसेंबरात लंडनचा यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) भर दुपारी १ च्या आसपास असतो, त्याच आठवड्यात गोव्यात तो ७-८ असतो. लंडनमध्ये एवढा आकडा ऐन जूनमध्ये कुठे दिसतो. दोन-तीन महिने स्वेटरखाली राहिलेली त्वचा विमानातून उतरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता वाळूवर असते.

त्यात उष्णता आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबरात समुद्राचा वारा सुटलेला असतो, ऊन सोसवतं, म्हणून माणूस बसून राहतो. लाल केसांच्या, कधीच न रापणाऱ्या त्वचेला इंडेक्स ८ असताना पंधरा-वीस मिनिटांत भाजण्याइतका डोस मिळतो, १२ असताना दहा-बारा मिनिटांत. लाली मात्र काही तासांनी दिसते आणि पूर्ण चढायला बारा ते चोवीस तास घेते. ‘लाल व्हायला लागलं की उठू’ हा हिशेब इथेच चुकतो. लाल दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

वेळांचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि लोक घड्याळ चुकीचं वाचतात. ‘दहा ते चार टाळा’ हा ढोबळ नियम झाला. सूर्य डोक्यावर कधी येतो ते रेखांशावर ठरतं. भारतभर घड्याळ एकच असल्यामुळे गोव्यात खरी दुपार साडेबाराच्या सुमारास होते आणि अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजय पुरम) सव्वाअकराच्या. म्हणजे डिसेंबरात गोव्यात साधारण साडेनऊपर्यंत आणि साडेतीननंतर इंडेक्स ३ च्या आसपास किंवा खाली असतो. अंदमानात हीच मर्यादा सकाळी सव्वाआठ आणि दुपारी अडीचच्या आगेमागे येते. तिथे दहा वाजता पाण्यात उतरणं म्हणजे गोव्यात सव्वाअकराला उतरणं. मालदीवमध्ये आणखी एक गोम आहे: काही रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ राजधानीपेक्षा एक तास पुढे ठेवतात, तेव्हा दुपार एकच्या पुढे सरकते. मे महिन्यात गोव्याला गेलात तर सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, इंडेक्स ११-१२ च्या वर जातो, आणि मोकळी वेळ उरते ती सकाळी सव्वाआठपर्यंत आणि संध्याकाळी पावणेपाचनंतरची. तुमच्या घरी मेमधली ट्रिप नकोच. डिसेंबर-जानेवारी ठीक.

घड्याळ नको असेल तर सावली बघा. ‘सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की आत जा’ असं सांगतात, पण उष्ण कटिबंधात ते फार सैल पडतं, कारण सावली उंचीएवढी असताना इंडेक्स ५-६ असू शकतो. एकदा कॅन्सर झालेल्या गोऱ्या माणसाने सावली उंचीच्या दीडपट ते दुप्पट असेल तेव्हाच उघड्यावर राहावं. ढगांवर विसंबू नका. पातळ ढगांतून नव्वद टक्क्यांहून जास्त अतिनील किरण आरपार येतात.

आता जागा. गोवा-कोकणचे बहुतेक किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत आणि माडांची रांग वाळूच्या मागे, पूर्वेला. सकाळी माडांची सावली समुद्राकडे लांब पडते, तेव्हा आठ-नऊ वाजता चालायला आणि मुलांना खेळायला तीच पट्टी उत्तम. दुपारी तीननंतर उलटं होतं: सूर्य समुद्राच्या बाजूने खाली येतो आणि शॅकच्या झावळ्यांच्या छपराखालून थेट टेबलापर्यंत पोचतो. छप्पर डोक्यावर असूनही पाय आणि हनुवटी उन्हात असतात. अशा वेळी मागच्या भिंतीकडचं टेबल मागा. छत्रीची मर्यादाही माहीत असू द्या. अमेरिकेत टेक्सासमध्ये एका प्रयोगात लोकांना तलावाकाठी साडेतीन तास बसवलं होतं. नुसत्या छत्रीखालच्या ७८ टक्के लोकांना भाजलं, नुसतं एसपीएफ १०० चं सनस्क्रीन (एसपीएफ म्हणजे भाजण्यापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा) लावून बसलेल्यांपैकी २५ टक्क्यांना. छत्रीखाली आकाशातून विखुरलेला प्रकाश येतच राहतो, कोरडी वाळू सुमारे १५ टक्के परावर्तित करते, लाटांचा फेस २५ टक्के. पाण्यात अर्धा मीटर खालीही पृष्ठभागावरच्या ४० टक्के अतिनील किरण पोचतात, तेव्हा पोहताना खांदे सुरक्षित आहेत असं समजू नका.

म्हणून पाण्यात जाताना कापड हवंच. लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत येणारा रॅश गार्ड (पोहताना घालायचा अंगाबरोबरचा शर्ट) आणि गुडघ्याखाली येणारी स्विम पँट घ्या, दोन्हींवर यूपीएफ (कापड अतिनील किरण किती अडवतं त्याचा आकडा) ५०+ लिहिलेलं असावं. अशा कापडातून पन्नासातला एक भागसुद्धा आत जात नाही. सुती पांढरा टीशर्ट हा त्याला पर्याय नाही. कोरडा असताना तो कसाबसा यूपीएफ ७ च्या घरात, आणि ओला झाला की ३ वर येतो. टोपीला चारही बाजूंनी किमान साडेसात सेंटीमीटर काठ हवा. क्रिकेटची कॅप नको: तिच्यात कान, मान आणि नाकाच्या बाजू उघड्याच राहतात, आणि बेसल सेल सगळ्यात जास्त चेहऱ्यावर आणि डोक्याच्या भागातच होतात. टोपीला हनुवटीखाली दोरी असू दे, नाहीतर दुपारच्या वाऱ्याने ती अर्ध्या तासात पिशवीत जाते.

सनस्क्रीन सगळ्यात शेवटी, कारण ते शेवटचंच कवच आहे. बाटलीवरचा एसपीएफ दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला त्या हिशेबाने एका वेळी सुमारे ३५ मिली लागतं, म्हणजे सात चहाचे चमचे: प्रत्येक हाताला एक, प्रत्येक पायाला एक, छाती-पोटाला एक, पाठीला एक, चेहरा-मान-कान मिळून एक. बहुतेक लोक याच्या निम्मं किंवा त्याहून कमी लावतात. आपल्याकडे मिळणारी ५० ग्रॅमची ट्यूब म्हणजे पूर्ण अंगाला एकदाच, थोडंसं वर. वर सांगितलेले कपडे घातले की उरतो चेहरा, कान, मान, हात आणि पावलं, त्यांना दर वेळी १०-१२ मिली पुरतं. सकाळी एकदा, पोहून पुसल्यावर पुन्हा, साडेतीनला बाहेर पडताना तिसऱ्यांदा. मिस्टरांच्या एकट्यासाठी दहा दिवसांना ३६० मिलीच्या आसपास, म्हणजे २०० मिलीच्या दोन बाटल्या. एसपीएफ ५०, ब्रॉड स्पेक्ट्रम (यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अतिनील किरण अडवणारं) आणि पाण्यात टिकणारं घ्या, बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा. थायलंडला कधी गेलात तर तिथल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेली क्रीम २०२१ पासून बंद आहेत, तेव्हा झिंक ऑक्साइडवालं न्या. पांढरट दिसतं, दिसू दे.

चुकतं कुठे, तर ठरलेल्या जागा राहतात: कानाची वरची कड, ओठ, केसांचा भांग, गुडघ्यामागची खळगी, पावलांची वरची बाजू. गॉगलमुळे नाकाच्या दोन्ही बाजूंचं क्रीम घासून निघतं, आणि तुमच्या मिस्टरांची जखम तिथेच आहे. गॉगल काढला की तेवढ्या जागी पुन्हा बोट फिरवायचं. स्प्रे वाऱ्यात निम्मा उडून जातो. बाटली गाडीच्या डिकीत उन्हात ठेवली की आतलं क्रीम फाटतं. पाणी आणि तेल वेगळं दिसलं तर फेकून द्या. डासांचं औषधही लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, ते वाळल्यावर वरून औषध. आणि सनस्क्रीन लावलंय म्हणून उन्हात जास्त वेळ थांबायचं नाही. फायदा तिथेच वाया जातो. नीट लावलं तर उपयोग नक्की होतो: ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर गावात १९९२ ते १९९६ या काळात सोळाशेहून अधिक लोकांवर चाचणी झाली. रोज लावणाऱ्या गटात स्क्वॅमस सेल सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले, आणि पुढे दहा वर्षं लक्ष ठेवल्यावर मेलानोमा निम्मे आढळले.

निघण्याआधी औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. मलेरिया टाळण्यासाठी देतात ती डॉक्सिसायक्लिन उन्हात त्वचा झटकन भाजू देते, तेव्हा त्याऐवजी दुसरी गोळी मागता येते. ब्लड प्रेशरच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर तेही विचारा. त्याच्या दीर्घ वापराचा संबंध बेसल आणि स्क्वॅमस सेलशी आढळला आहे आणि २०१८ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी तशी सूचना काढली. स्वतःहून गोळी बंद करू नका, बदलून मागा.

कायमचं ‘नको’ म्हणावं अशीही माणसं आहेत. किडनी किंवा इतर अवयव बसवलेले, अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणारे, एकाहून जास्त मेलानोमा झालेले, अल्बिनिझम (जन्मतः त्वचेत रंगद्रव्य नसणं) असलेले. त्यांच्यासाठी माझं मत सरळ आहे: उष्ण कटिबंधातला समुद्र सुट्टीसाठी निवडूच नये. तुमचे मिस्टर यात बसत नाहीत.

आता तुम्ही आणि मुलं. आपल्या त्वचेतल्या मेलॅनिनमुळे उन्हाने होणारा कॅन्सर कमी असतो, पण त्वचेचा कॅन्सर होतच नाही असं नाही. आपल्याकडे तो इतर कारणांनी आणि इतर जागी दिसतो. टाटा मेमोरियलच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४० च्या दशकातच कमरेला धोतर घट्ट बांधल्याने घासून होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. भाजल्याच्या जुन्या व्रणावरही तो होतो. मेलानोमा आपल्यात बहुतेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो आणि त्याचा उन्हाशी संबंध लागत नाही. म्हणून तुमच्यासाठी तळपाय तपासणं हे सनस्क्रीनइतकंच महत्त्वाचं. मुलांच्या रंगावरून मात्र अंदाज बांधू नका. लाल केसांचं जनुक एका बाजूने आलेलं असलं तरी केस काळे राहून धोका थोडा वाढलेला असू शकतो, आणि लहानपणी भाजलेली त्वचा पुढे महागात पडते. मुलांनाही रॅश गार्ड, त्याच वेळा.

ऊन एवढं टाळलं की ड जीवनसत्त्व कमी पडू शकतं. रक्त तपासून गोळी घ्या, त्यासाठी उन्हात बसणं नको. निकोटिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतल्याने नवे बेसल आणि स्क्वॅमस सेल २३ टक्क्यांनी कमी झाल्याचं ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत २०१५ मध्ये दिसलं, पण गोळी थांबली की परिणामही थांबला. एकच बेसल सेल झालेल्याला ती लगेच लागते असं मला वाटत नाही. आणखी निघाले तर त्वचारोगतज्ज्ञांशी बोला.

परतल्यावर महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात दोघांनी एकमेकांची पाठ, कानामागचा भाग, टाळू बघा. मोत्यासारखी चकाकणारी, बारीक लाल शिरा दिसणारी पुटकुळी, चार आठवड्यांत न भरणारी जखम, खपली पडून पुन्हा येणारी जागा, किंवा टॉवेलने तोंड पुसताना रोज त्याच ठिकाणी उमटणारा रक्ताचा ठिपका, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न बघता अपॉइंटमेंट घ्या.